गाडीवरचा केसपेपर

नर्सबाईंनी माझी पोरगी जगवली. हे आधी सांगते, काय घडलं ते मागून. तळावरची कुठलीही बाई पुढं आली, की त्या एकच म्हणायच्या, "गाव ऱ्हाऊ दे गं, महिना सांग."

आम्ही बीडकडचे. पलूसच्या बाजूला ऊसतोडीचा तळ तुम्ही पाहिला असेल. उसाच्या पाचटाच्या कोप्या आणि दर कोपीपुढं कारखान्याची बैलांची टायरगाडी. आमचं रेशनकार्ड गावाकडं, मतदान गावाकडं, दवाखान्याची यादीही गावाकडं, आणि माणसं सहा महिने इथं. आदल्या हंगामात दुसऱ्याच जिल्ह्यात मला कळा सुटल्या, तेव्हा यादीत नाव नाही म्हणून दवाखान्याच्या दारातून परत पाठवलं. ते मूल वाटेतच गेलं. त्यामुळं या खेपेला सातवा लागला तसा माझा जीव टांगणीला लागला होता.

नर्सबाई तिथल्या सरकारी आरोग्य केंद्रातल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या. चिखल असला की चपला हातात. पहिल्या दिवशी त्यांनी नोंद लिहायला गेरू काढला आणि थबकल्याच. त्या गावात घरांच्या भिंतींवर लिहीत. कोपीला भिंत कुठली? मग सरळ आमच्या गाडीच्या फळीवर लिहायला लागल्या. मी म्हटलं, बाई, गाडी तर रोज कारखान्याला जाते. तर म्हणाल्या, "जाऊ दे की. कोपी मोडती, गाडी तर तुमच्याबरूबर फिरती नव्हं?"

त्या गेल्या आणि तळावर बोभाटा झाला. टोळीतली एक म्हातारी म्हणाली, हे मुलं बंद करायच्या ऑपरेशनचे आकडे आहेत, आता बायांना न्यायला जीप येणार. झालं! बायांनी राख घेतली आणि गाड्या अशा घासल्या, की भांडीसुद्धा कधी कुणी इतकी घासली नसतील. मी चौथी शिकलेली. पुढची शाळा कोयत्यापायी सुटली, पण अक्षर लागत होतं. बोट ठेवून वाचलं: नाव, महिना, सुई एक. ऑपरेशनचा कुठं पत्ता नव्हता. मी आमची फळी पुसू दिली नाही. "आली मोठी मास्तरीण," म्हातारी म्हणाली.

आठवड्यानं नर्सबाई आल्या तर सगळ्या गाड्या लखलखीत. मला वाटलं, आता चिडतील. पण त्या म्हातारीच्याच कोपीपुढं बसल्या, तिच्याकडूनच भाकरी मागून घेतली आणि म्हणाल्या, "आवं आजी, तुमचं ऑपरेशन करून सरकारला काय घावनार हाय?" बाया हसल्या. सगळ्यात जास्त म्हातारी हसली, आणि भाकरीवर आणखी ठेचा वाढला.

पुढच्या खेपेला बाईंनी घरच्या दाराचा उरलेला हिरवा ऑइलपेंट आणला. "आता घासा बघू." माझ्या फळीवर मात्र त्यांनी पुष्कळ लिहिलं आणि एकेक शब्द माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतला. रक्त कमी. पहिलं मूल गेलं. परत पाठवू नये. खाली त्यांच्या केंद्राचं नाव आणि सही.

"तळ हलला की मी न्हाई यायची," त्या म्हणाल्या. "म्हणून पाठ कर. तुझं गाव कुठलं बी असू दे. कळा जिथं सुटतील, तिथला दवाखाना तुझा. हक्क हाय त्यो, उपकार न्हवं."

महिन्याभरानं तळ आष्ट्याकडं हलला. आणि एक दिवस भर दुपारी, मोळी बांधताना मला कळा सुटल्या. मालकांनी, म्हणजे माझ्या घरधन्यांनी, अर्धी भरलेली गाडी तिथंच रिकामी केली, मला वर घातलं आणि बैल हाकले. दवाखान्याच्या खिडकीतल्या माणसानं गाव विचारलं. मालकांनी सांगितलं. तो म्हणाला, इथल्या यादीत नाव नाही, सांगलीला न्या. आणि मालक मान खाली घालून वळलेसुद्धा!

मागल्या वर्षीचं सगळं माझ्या डोळ्यांपुढं आलं. अंगात कुठून बळ आलं कोण जाणे, मी गाडीतूनच ओरडले, "अहो, माझा केसपेपर गाडीवर हाय. गाडी वाचा."

त्याला वाटलं, बाई बरळायला लागली. मग मीच सुरू केलं. फळी मला दिसत नव्हती, पण सगळं पाठ होतं. एक कळ, एक ओळ. 'परत पाठवू नये'पर्यंत आले, तोवर आतले तरुण डॉक्टर बाहेर येऊन वाकले होते. हिरव्या अक्षरांवरनं त्यांनी बोट फिरवलं, सही बघितली. "वाट सोडा, हिला आत घ्या," एवढंच म्हणाले.

तासाभरात पोरगी झाली. असली रडली, की बाहेर मालकांना बैल आवरेनात!

आमचा निरोप मिळाला तसा तिसऱ्या दिवशी नर्सबाई एसटीनं आल्या. हात धुऊन पोरीला घेतलं, तिच्या जन्माची नोंद तिथंच करून घेतली आणि चहासुद्धा न घेता परतीची गाडी धरली.

पुढच्या हंगामात पोरीला काखेत मारून मी त्यांची वाट बघत होते. आल्या त्या नव्या बाई. जुन्यांची बदली मेढ्याकडं झालेली, डोंगरात. हंगामात आम्हाला सुट्टी नसते, आणि हंगाम संपला की ट्रक थेट गावाकडं नेतो. अशी चार वर्षं गेली.

पण नर्सबाई, एका उन्हाळ्यात मी तो ट्रक सोडून मेढ्याची एसटी धरणार आहे. बाळंतपणानंतर आठव्या दिवशी मी परत उसात होते, आमच्यात तसंच असतं. तुम्ही एवढ्या बायांची बाळंतपणं केली, तुमचे पाय कुणी चेपले? मी येईन. तुम्हाला पाटावर बसवून न्हाऊ घालीन, डोक्यात तेल जिरवीन, शेक देईन, ऊन ऊन भात वाढीन. आणि सव्वा महिना तुम्हाला जागचं उठू देणार नाही.