नाचिमुत्तू अण्णांचं उलटं बनियन

तिरुपूरच्या आमच्या कारखान्यात नाचिमुत्तू अण्णांनी हयातभर बनियनं शिवली. पण स्वतःसाठी एखादं घ्यायला निघाले, की दुकानदाराला घाम फुटायचा. आधी ते बनियन उलटं करून आतली शिवण गालावर घासून बघत. मग अंगात चढवून, पळणीच्या मुरुगनसमोर जोडावेत तसे दोन्ही हात डोक्यावर जोडत. खालची कड कमरेला गुंडाळलेल्या वेष्टीतून सुटली, की बनियन परत. एकदा त्यांना बघून शेजारचं गिऱ्हाईकही हात जोडून उभं राहिलं.

एवढं पारखून घेतलेलं बनियनही ते उलटंच घालत. शिवण बाहेर, लेबल बाहेर.

"अण्णा, उलटं घातलंय," कामावरच्या माझ्या पहिल्याच दिवशी मी म्हणालो.

"शिवण मीच मारतो. कुठे टोचते ते मला ठाऊक. तुला बघवत नसेल तर तिकडे बघ."

गेल्या महिन्यात अण्णा गेले. आंघोळ घालून झाल्यावर जावयाने त्यांना नवी वेष्टी नेसवली आणि नवं कोरं बनियन चढवायला घेतलं. अण्णांची बायको सेल्लम्मा भिंतीशी बसली होती, ती उठली.

"उलटं करून घाला. त्यांना टोचतं."

"अत्तै, आता कसलं टोचतंय?" जावई हळूच म्हणाला.

"जावईबापू, तसं ते तुम्हाला सांगून गेलेत का?"

जावयाने बनियन उलटं केलं आणि घातलं. मानेमागचं लेबल बाहेर आलं, तेव्हा कुठे ते आमचे अण्णा दिसायला लागले.