सुभेदाराला लावलेलं सलाईन

मी लष्करात नर्सिंग असिस्टंट होतो. डॉक्टर नव्हे. डॉक्टर खाली, हॉस्पिटलात असतात. वर पोस्टवर जवानाला ताप आला, पाय मुरगळला, थंडीने बोटं काळी पडली किंवा काही लागलं, तर त्याला पहिला हात लावणारा माणूस म्हणजे नर्सिंग असिस्टंट. रत्नागिरीत आमच्या आळीत सगळे मला 'मिलिटरीतले डॉक्टर' म्हणतात. निवृत्त होऊन आलो तेव्हा सुरुवातीला मी त्यांची चूक दाखवत असे. कोणी ऐकेना, मग तो नाद सोडला.

माझी शेवटची फील्ड पोस्टिंग उत्तरेला, बर्फात होती. दिनक्रम ठरलेला. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्च्यावर सज्ज राहणं, मग चहा, मग सगळ्यांच्या पायांची तपासणी. जवानांनी मोजे काढून पाय पुढे करायचे आणि मी एकेक बोट दाबून रंग परत येतो का ते बघायचं. लान्स नायक दिगंबर, आमचा दिगू, पाय पुढे करून म्हणायचा, "बगा डॉक्टर, मासळी ताजी हाय ना?" तो पूर्णगडचा, तांडेलाचा मुलगा. तांडेल म्हणजे होडी चालवणारा मुख्य माणूस. साऱ्या पोस्टवर रत्नागिरीकडचे आम्ही दोघंच, त्यामुळे माझी थट्टा करायचा हक्क त्याच्याकडे राखीव होता.

शेवटच्या सुट्टीत दिगूने रस्ता ओलांडणारा एक सरडगुहिरा उचलून घराच्या जास्वंदीच्या कुंपणावर सोडला होता. सरडगुहिरा म्हणजे तो रंग बदलणारा, दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा संथ सरडा. एक पाऊल उचलायचं, थांबायचं, जागच्या जागी झुलायचं, मग ते पाऊल टाकायचं. आमचे सुभेदार साहेब इन्स्पेक्शनला अस्सेच यायचे, म्हणून दिगूने त्याचं नाव सुभेदार ठेवलं. ही गोष्ट त्याने पोस्टवर इतक्यांना सांगितली की ती साहेबांच्या कानावर गेली. साहेब हसले आणि दिगूला जादा सेंट्री ड्यूटी लावली.

त्यानंतर दिगू घरी गेला तो तिरंग्यातून.

सुभेदार मात्र कुंपणावर राहिला. त्याला कोणी कोंडलं नव्हतं. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, ते या पठ्ठ्याने अक्षरशः पाळलं. दिगूचे वडील, तात्या, रोज सकाळी नाकतोडा चिमटीत धरून हात पुढे करत आणि सुभेदार लांब जीभ सोडून तो उचलत असे. दिगूची आई आधीच गेलेली. घरात तात्या एकटे. मी भेटायला गेलो की ते दिगूबद्दल काही विचारत नसत. "सुभेदार मजेत हाय," एवढं सांगून चहा टाकायला उठत.

यंदा पाऊस सरता सरता वादळी वारा आला. तात्यांचं जास्वंदीचं कुंपण आडवं झालं. दर्यावर वारा फिरला की आधी सामान आत घ्यायचं, ही त्यांची जन्माची सवय. त्यांनी सुभेदाराला घरात आणलं, माशांच्या टोपलीत ठेवलं, वर जाळं बांधलं आणि आत वाटीभर पाणी ठेवलं. वारा थांबला तरी कुंपण उभं राहीना, म्हणून तो टोपलीतच राहिला. खाणं कमी झालं, मग बंद झालं. तेव्हा तात्या टोपली घेऊन एसटीने रत्नागिरीला आले आणि माझ्या दारात उभे राहिले.

"तू मिलटरीचा डॉक्टर. तूच बग," ते म्हणाले.

टोपलीतलं जाळं सोडलं. सुभेदार काळपट पडला होता. कातडी सैल झालेली, शेपटीचा पीळ सुटलेला. एरवी गरगर फिरणारे डोळे खोल गेलेले आणि भर सकाळी मिटलेले. मी पुष्कळ वाईट जखमा पाहिल्या आहेत. पण ते मिटलेले डोळे बघवेनात.

"जगंल ना रे?" तात्यांनी विचारलं.

"जगेल," मी म्हणालो. असं बोलायची सवय असते आम्हाला. जखमी माणसासमोर दुसरं काही बोलायचं नसतं.

तात्या परत गेले. माझी बायको सुमन स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. आमच्याकडे सरडगुहिऱ्याला विषारी समजतात, त्याची थुंकी अंगावर पडली तर माणूस झिजतो म्हणतात.

"अहो, ते पडवीतच ठेवा. आत आणलंत तर मी माहेरी जाईन."

"ते नाही, तो. सुभेदार आहे."

"मग तुमच्यापेक्षा रँक मोठी. सॅल्यूट करा आणि बाहेर ठेवा."

पडवीत कुंडीतल्या जास्वंदीवर त्याला ठेवलं. समोर पाण्याची वाटी ठेवली. वाटीला तो तोंड लावेना. ड्रॉपरने पाणी पाजायला गेलो तर ठसका लागल्यासारखं तोंड वासलं, मी घाबरून हात मागे घेतला. आणि डोळे पुन्हा मिटले. मी त्याच्या पाठीला बोट लावलं. त्याने डोळे किलकिले केले, अंग आणखी काळं झालं. थोड्या वेळाने मिटले. मी पुन्हा बोट लावलं. दिवसभर तेच केलं. दुसऱ्या दिवशीही तेच.

हे का केलं, ते सांगायला हवं. गंभीर जखमी माणसाला झोपू द्यायचं नाही, त्याला बोलतं ठेवायचं, हे आमच्या हाडात भिनलेलं असतं. दिगूला लागलं त्या दिवशी आमची गस्तीची तुकडी परतत होती. वरून दगड सुटले. दिगू मागच्या गड्याला ढकलून बाजूला करायला वळला आणि स्वतः सापडला. मी पोचलो तेव्हा बाहेर रक्त फार नव्हतं, म्हणजे ते आत होतं. ड्रिप लावली, ब्लँकेटं घातली. शेजारी रेडिओ ऑपरेटर.

"टायगर, धिस इज ब्राव्हो. वन कॅज्युअल्टी, सिरियस. चॉपर हवाय. ओव्हर."

"ब्राव्हो, हवामान खराब. चॉपर उडू शकत नाही. वेट. ओव्हर."

"किती वेळ? ओव्हर."

"वेट. आउट."

मी दिगूला जागं ठेवलं. डोळे मिटले की गालावर थापट मारायची. "दिगू, डोळे उघड. पूर्णगडला आता भरती का ओहोटी? सांग." तो सांगत होता. दुपारनंतर त्याने डोळे मिटले ते उघडले नाहीत. चॉपर दुसऱ्या सकाळी आला.

तर पडवीत मी हेच करत बसलो होतो. डोळे मिटले की बोट. संध्याकाळी तात्यांचा फोन यायचा.

"सुभेदार काय म्हणतोय?"

"स्थिर आहे."

फोन ठेवला की मी पुन्हा कुंडीपाशी जायचो. पोस्टवर भीती वाटायची, पण तिथे हाताला काम असायचं आणि वर कोणीतरी ऑर्डर देणारा असायचा. इथे कोणी नव्हतं. हा गेला, तर तात्यांना तोंड कसं दाखवायचं, एवढाच विचार डोक्यात घुमत होता. एकदा मी त्यांच्या घरी दिगूची पेटी पोचवली होती. आता माशांची टोपली पोचवावी लागेल असं वाटत होतं, आणि त्या विचाराने भर उन्हात मला थंडी वाजायची. वाजायची म्हणजे खरोखर, दातावर दात.

तिसऱ्या दिवशी दुपारी सुभेदार फांदीवरून पडला. टप्प असा आवाज झाला. मी उचलला तर पायांची पकड नव्हती. सुमन धावत आली. माहेरी जायची धमकी विसरून तिने ओट्यावरचा नॅपकिन पुढे केला, मी त्यात त्याला घेतला. ती म्हणाली, "तुमच्या बोटांनीच मरायचा तो. उठा, दवाखान्यात चला."

जनावरांचा दवाखाना मिरकरवाड्याच्या चढावर. बाहेर एक पाय मोडलेली शेळी, तिची मालकीण आणि आम्ही. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी आधीच सांगितलं, "काका, माझ्याकडे गाई, कुत्री येतात. याच्यातलं मला थोडंच कळतं. मी सरांना विचारते." त्यांनी पुण्याला त्यांच्या शिक्षकांना व्हिडिओ कॉल लावला, सुभेदाराला दाखवलं, बराच वेळ बोलल्या. मग अगदी बारीक सुईने कातडीखाली थोडं पाणी सोडलं.

"पाणी कशातून देता?"

"वाटीतून."

"वाटीतलं पाणी याला पाणी वाटतच नाही. हे पानांवरचे थेंब चाटतात. भरल्या वाटीशेजारी हा तहानेने वाळलाय."

टोपलीतही वाटीच होती. तात्यांना हे कधी सांगायचं नाही, असं तिथेच ठरवलं.

"आणि याला सारखं हाताळता का?"

"झोपू देत नाही. जागा ठेवतो."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "का?"

सुमन म्हणाली, "हे मिलिटरीत होते."

"काका, तुम्ही हात लावला की याला वाटतं घार आली. जी काय ताकद आहे ती घाबरण्यात जाते. आता हात लावायचा नाही. समोर बसायचंसुद्धा नाही. सकाळचं ऊन, सावली, पानांवर सतत थेंब, बस. वनखात्याला कळवून ठेवा, हे पाळायचे प्राणी नव्हेत. बरा झाला की जिथला तिथे सोडा."

"डोळे मिटले तर?"

"मिटू देत."

आयुष्यात इतकी कठीण ऑर्डर मला कोणी दिली नव्हती.

वनखात्यात फोन केला. तिथल्या माणसानेही तेच सांगितलं. थेंबांचं काम माझ्या ओळखीचं होतं. औषधाच्या दुकानातून ड्रिप सेट आणला. सलाईनची रिकामी बाटली धुऊन साध्या पाण्याने भरली, पडवीच्या वाशाला टांगली आणि नळीचं टोक जास्वंदीच्या वरच्या पानावर सोडलं. नळीवरचं चाक फिरवून थेंब लावला. पान भिजायचं, थेंब ओघळून खालच्या पानावर जायचा, तिथून तिसऱ्या. शेजारच्या वहिनी कुंपणावरून म्हणाल्या, "डॉक्टर, झाडाला सलाईन?" मी हो म्हणालो.

मग पडवीचं दार लोटून घेतलं आणि आत बसलो. खिडकीच्या फटीतून दिसत होतं. तो फांदीला कसाबसा चिकटून होता. डोळे मिटलेले. माझा हात आपोआप कडीकडे जायचा. सुमनने शेवटी माझ्या पुढ्यात नारळ आणि खवणी ठेवली. "खवा." मी खवला. संपला तेव्हा दुसरा ठेवला. त्या दिवशी आमच्याकडे नुसत्या सोलकढीचा महापूर होता.

जीव टांगणीला लागलेला म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. तो मेलाय की झोपलाय, हे मला लांबून ओळखता येत नव्हतं. जवळ जायची परवानगी नव्हती. संध्याकाळी तात्यांचा फोन वाजला, तेव्हा मी तो उचललाच नाही. सुमनने उचलला आणि आतल्या खोलीत जाऊन बोलली.

दुसऱ्या दिवशी ऊन पडवीत आलं. थेंब पडत होते. मी फटीला डोळा लावून होतो. आधी उजवा डोळा उघडला. तो हळूहळू वर फिरला, पानावर थांबला. मग डावाही. मग त्याने मान लांब केली, पानाच्या टोकाशी लोंबणाऱ्या थेंबाला तोंड लावलं आणि गिळलं. गळा हलताना स्पष्ट दिसला. तो प्यायला, थांबला, पुन्हा प्यायला. मी खाली बसलो आणि रडलो. सुमनने पाहिलं आणि खवणी उचलून ठेवली.

पुढे दिवसागणिक तो सुधारत गेला. डोळे भरले, अंगावर हिरवा रंग आला, शेपटीला पीळ बसला. सुमन परसातून नाकतोडे धरून आणायला लागली. एकदा त्याने तिच्या बोटांतला नाकतोडा सट्‌कन उचलला. ती किंचाळली आणि लगेच दुसरा शोधायला गेली. डॉक्टरीणबाईंनी पाहून सोडायला हरकत नाही म्हटलं, तेव्हा आम्ही दोघं त्याला घेऊन पूर्णगडला गेलो.

तात्यांनी कुंपण पुन्हा उभं केलं होतं. मोडक्या फांद्यांना नवी पालवी होती. मी सुभेदाराला फांदीवर ठेवलं. त्याने एक पाऊल उचललं, थांबला, झुलला आणि आत पानांत शिरला. थोड्या वेळाने कुठे आहे ते शोधूनही दिसेना. सुमन चहा करायला आत गेली. आम्ही दोघं पायरीवर बसलो.

"सुमन फोनवर सांगत होती, तू लय भ्यालास."

"भ्यालो होतो तात्या."

ते कुंपणाकडे बघत म्हणाले, "दिगूला आणलात, तवा मोटी मोटी माणसं आली. सगळी एकच सांगत. हसत गेला, भ्याला नाय. मी मान हलवली. पण माजा दिगू आंधारात परसात जाया भ्यायचा. होडी लाटेवर चडली की माजी कंबर धरायचा. मला वाटायचं, ही कोणाच्या पोराची गोष्ट सांगतत?"

त्यांनी पायरीवरचं वाळलेलं पान उचलून बाजूला टाकलं.

"तू हुतास तितं. खरं सांग. भ्यालेला काय?"

"हो," मी म्हणालो. "खूप. माझा हात घट्ट धरून ठेवला होता. शेवटपर्यंत सोडला नाही."

"आणि तू?"

"मीपण. त्याच्याएवढाच."

तात्यांनी मान हलवली. "ह्यो माजा दिगू," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून विचारलं, "खंचा हात?"

मी उजवा हात पुढे केला. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला. सुमन चहा घेऊन आली, कप पायरीवर ठेवून आत गेली. चहा निवला तरी तात्यांनी हात सोडला नव्हता.