कोरसमधला आठवा आवाज

कोरसमावशींनी उमेदीची वीस वर्षं रेकॉर्डिंग स्टुडिओत, आठ बायकांच्या घोळक्यात उभं राहून गाण्यात घालवली होती. गाणी घरोघरी वाजली, पण त्यातला आपला आवाज कुठला हे त्यांना स्वतःलाही कधी कळलं नव्हतं.

सत्तरीत त्यांना जुन्या गाण्यांचं रिमिक्स करायचं खूळ लागलं. लेकीने कॉम्प्युटरवर गाणं कापायला, जोडायला, खाली नवा ठेका घालायला शिकवलं. दोन महिने मावशींनी गाण्यांच्या पार चिंध्या केल्या, मग कुठे हात बसला.

एका दुपारी लेक म्हणाली, "आई, आता गाण्यातला एकेक आवाज बाजूला काढता येतो."

मावशींनी आपलंच एक गाणं उघडलं. आधी वाद्यं बंद केली, मग मुख्य गायिका. उरल्या फक्त आठ बायका. चाळीस वर्षांनी सगळ्याजणी शेजारी येऊन उभ्या राहिल्यासारखं मावशींना वाटलं. आलाप संपला, सात आवाज थांबले. एक मात्र क्षणभर तसाच लांबला, एकटा, स्वच्छ.

"अगं, ही मी!" मावशी खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "थांबायचंच विसरले होते, संगीतकारांनी काय डोळे वटारले होते! पण स्टुडिओची वेळ संपली, म्हणून तसंच ठेवलं."

"कापू या का तेवढं?" लेकीने चिडवलं.

"हात तर लावून बघ!"

तो सूर त्यांनी पाच-सहा वेळा ऐकला. एवढा गोड गळा आपला होता यावर त्यांचा विश्वासच बसेना. शेवटी त्यांनी रिमिक्सची सुरुवातच त्या सुराने केली. ठेका नंतर आला.