दगडोबाच्या हाताचा गुण

औंढ्याच्या वाटेवरच्या त्या गावात कुणाचं हाड मोडलं की दगडोबाकडे धावायचे. हाड कुठं आणि किती सरकलंय, हे तो नुसतं चाचपून सांगायचा. मग तिळाचं तेल, जुनेराची पट्टी आणि बांबूच्या कामट्या. मोबदला मात्र कवडीचा घ्यायचा नाही. घेतला तर हाताचा गुण जातो, असं बापानं मरताना बजावलेलं. त्यामुळे साठी आली तरी दगडोबाच्या घरात लोकांच्या फुकटच्या आशीर्वादाखेरीज काही साठलेलं नव्हतं.

लढाईचं साल होतं. ज्वारी सक्तीच्या लेव्हीत निजाम सरकारकडे जात होती. त्या पौषात एकाच आठवड्यात दोन मनगटं त्याच्यापुढे आली. पाटलीणबाई अनुसयाबाई ओसरीवरून धाडकन पडल्या होत्या. पाटलाच्या शेतात राबणारी सखुबाई बांधावर घसरून नुसती हातावर टेकली होती, तरी तिचं हाड मोडलं. पाटलीणबाईंचं पन्नाशीतलं हाड टणक. सखुबाई पस्तिशीची, आणि तिचं हाड दगडोबाच्या बोटांना ज्वारीच्या वाळल्या धांड्यासारखं लागलं. सहा बाळंतपणं झालेली आणि पोटात कण्या नि मिरची, दुसरं काय होणार!

तेल तेच, हातही तोच. महिन्यानं पाटलीणबाई पोळ्या लाटायला लागल्या. सखुबाईचं हाड काही धरेना. म्हाताऱ्याचा हात गेला, असं लोक बोलू लागले. दगडोबाला ते लागलं. पण सखुबाईचं बोलणं त्याहून लागलं.

"बाबा, काढणी तोंडावर आली. हात जुळला न्हाई तर इळा कसा धरू? लेकरायला काय घालू?"

तेव्हा दगडोबानं जन्मात केलं नव्हतं ते केलं. थेट पाटलाकडे जाऊन पाटलीणबाईंच्या हाताचा मोबदला मागितला.

"मला काई नगं, मालक. सखुबाईला रोज अर्धा शेर दूध द्या, काढणीपस्तोर."

"एवढंच व्हय?" पाटील हसले. "देऊ की."

बापाचा शब्द मोडला म्हणून दगडोबाला रात्रभर झोप लागली नाही. गुण जातो तर जाऊ दे, एवढं एक हाड जुळलं म्हणजे झालं, असं तो स्वतःला समजावत राहिला.

पंधरा दिवसांनी तो पट्टी बदलायला गेला, तर सखुबाई घरी नव्हती. सापडली पाटलाच्या गोठ्यात. कामट्या सोडून गव्हाणीवर ठेवलेल्या आणि ती दोन्ही हातांनी शेणाची पाटी उचलत होती.

"कामट्या काहून सोडल्या?" दगडोबा ओरडला.

"बांधल्या हातानं शेण निघत न्हाई, बाबा. पाटील म्हणले, दूध न्यायला येतीच हाईस, तर गोठा करून जात जा. तुमीच म्हणले ना, दुधाबिगर हाड जुळत न्हाई? म्या एक दिस चुकवला न्हाई."

दगडोबानं तिचं मनगट हातात घेतलं. हाड जुळलं होतं, पण वाकडं. त्या मुठीत आता विळा बसणार नव्हता, आणि ते सरळ करणं कुणाच्याच हातात राहिलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

"जुळलं का, बाबा?"

"जुळलं," तो म्हणाला.

सखुबाईचा चेहरा फुलला आणि तिनं पाटी डोक्यावर घेतली.