साडूंच्या अंगणातलं शेवाळ

एखादी गोष्ट आयुष्यात पहिल्यांदाच पाहिल्याचा आनंद एका माणसाला किती वेळा मिळावा, याला देवाने काहीतरी मर्यादा घातलेली असणार. तुमच्या-माझ्यासारख्यांचा वाटा चाळिशीच्या आतबाहेर संपतो आणि उरलेलं आयुष्य आपण ‘त्यात काय एवढं’ म्हणत काढतो. माझ्या साडूंच्या बाबतीत मात्र ती मर्यादा घालायचीच राहून गेली. सत्तरी जवळ आली तरी या गृहस्थांना दर दोन-तीन महिन्यांनी काहीतरी नवीन सापडतं आणि ते जगात सगळ्यात आधी आपल्यालाच सापडलं, अशा थाटात ते नाचतात. मी त्यांच्यावर जळतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे त्यांच्याबद्दल जे काही चांगलं येईल ते मी दातओठ खात लिहिलेलं आहे.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. हरिहरेश्वरच्या अलीकडे एका गावात त्यांची सुपारीची वाडी आहे, कौलारू घर आहे आणि घराला लागून त्यांच्या मुलाने पर्यटकांसाठी बांधलेल्या चार खोल्या आहेत. मी अलिबागला सरकारी नोकरी केली, वेळेवर निवृत्त झालो, वेळेवर गोळ्या घेतो. सासुरवाडीला आदर्श जावई म्हणून माझंच नाव निघायला हवं होतं. पण तिकडे कुणाच्याही तोंडी पहिलं नाव येतं ते थोरल्या जावयांचं, आणि तेही हसत हसत. माझ्याबद्दल ‘माणूस सरळ आहे’ असं म्हणतात. सरळ माणसाची आठवण काढून कुणी हसत नाही.

त्यांचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं. “साडूराव, बसलाय ना?” आपण बसलोय म्हटलं की मग शोध जाहीर होतो आणि शेवटी येतं, “अहो, हे आपल्याला आजवर कुणी सांगितलंच नाही!” म्हणजे साऱ्या जगाने संगनमत करून ही गोष्ट त्यांच्यापासून लपवून ठेवली होती.

स्मार्टफोन हातात आल्यावर तर त्यांना रानच मोकळं मिळालं. आधी एक अ‍ॅप आलं, जहाजांची नावं सांगणारं. समुद्रावर ठिपका दिसला की फोन पुढे धरायचा आणि आपण टिळा लावून निरोप द्यायला आल्यासारखं सांगायचं, “ही पनामाची बाई बघा, चालली आफ्रिकेला.” त्यात दिघीहून आगरदांड्याला जाणारी आपली फेरीबोट दिसत नाही, हे लक्षात आल्यावर त्यांना फेरीचा अपमान झाल्यासारखं वाटलं. त्यांनी स्वतःच्या इंग्रजीत अ‍ॅपवाल्या कंपनीला पत्र धाडलं, की जिने आमच्या चार पिढ्यांना खाडी पार करून दिली तिला तुमच्या नकाशात जागा नसावी ही खेदाची गोष्ट आहे. कंपनीचं उत्तर आलं! आभार मानलेले, खाली कुणा बाईंची सही. मी नोकरीभर वरच्या कार्यालयाला पत्रं लिहिली, तिथून पोच येण्याची मारामार.

मग पक्ष्यांचे आवाज ओळखणारं अ‍ॅप आलं. त्या दिवसांत त्यांच्या घरी चहाचा कप बशीत ठेवायची चोरी. आम्ही दोघं तेव्हा तिकडे गेलो होतो. दुपारी जेवून मी ओटीवर जरा आडवा झालो आणि या गृहस्थांनी फोन माझ्या नाकाजवळ धरला. अ‍ॅपने थोडा विचार केला आणि माझ्या घोरण्याला ‘धनेश’ असं उत्तर दिलं, फोटोसकट. ती लांब चोच, वर ते शिंग. सगळं घर हसलं. त्याचं काही नाही. पण माझी बायको हसली, त्याचं मात्र आहे.

तिचं ते हसणं मी सांगतो, कारण माझं सगळं दुखणं तिथेच आहे. आधी ती पदर तोंडाला लावते. मग खांदे हलायला लागतात. मग ती भिंतीला टेकते आणि एक हात हवेत हलवत “पुरे हो, पुरे” म्हणते, आणि डोळ्यांतून पाणी येतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत हे हसणं आमच्या घरात होतं. मग ते कुठे गेलं ठाऊक नाही. भांडण नाही, तंटा नाही, नुसतं कमी होत गेलं. आता ते फक्त साडूभाऊंच्या अंगणात फुटतं. परतताना दिघीला गाडी बोटीत चढली की निम्म्या खाडीपर्यंत ते तिच्या तोंडावर असतं. आगरदांड्याला उतरलो की ती विचारते, “अहो, गॅसचं बटण बंद केलं होतंत ना?”

मग मी काही केलं नाही असं समजू नका. पक्ष्यांचं अ‍ॅप मीही घेतलं. अलिबागच्या गॅलरीत सकाळी अर्धा तास फोन धरून उभा राहिलो. कावळा. पुन्हा कावळा. मग पावलं मोजणारं एक घेतलं. ते रोज संध्याकाळी कळवायचं की आज तुम्ही कालच्यापेक्षा कमी चाललात. ते मी काढून टाकलं. उत्साह हा काही फोनमध्ये उतरवून घेता येत नाही, तो आधी माणसात असावा लागतो, असं मी बायकोला म्हणालो. ती म्हणाली, “भाऊजींकडे आहे.”

आणि अशात, यंदाच्या आषाढात, फोन आला. “साडूराव, बसलाय ना? कर्लिंग!” परदेशात बर्फावर खेळतात तो खेळ त्यांनी फोनवर पाहिला होता. एक माणूस मूठ असलेला जडशीळ दगड बर्फावरून सोडतो, त्याच्या पुढे दोघं झाडू घेऊन बर्फ घासत धावतात आणि दगड लांबच्या रिंगणात नेऊन थांबवायचा. “अहो, जात्याचा वरचा दगड तो! खुंट्यासकट! आपल्या घराघरात खेळ पडलाय आणि आपण त्यावर पीठ दळत बसलो. हे आपल्याला कुणी सांगितलंच नाही!” मी शांतपणे विचारलं, बर्फाचं काय. पलीकडून असं हसू आलं की मला माझ्या प्रश्नाची लाज वाटली. “शेवाळ!”

कोकणात राहिलेल्याला वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात चिऱ्याच्या अंगणावर शेवाळ धरतं, त्यावरून माणसं आपटतात, हाडं मोडतात. घरोघरी ते खराट्याने घासून काढतात, ब्लीचिंग पावडर टाकतात. साडूभाऊंनी यंदा फर्मान काढलं, शेवाळाला कुणी हात लावायचा नाही. गावभर फिरून अडगळीत पडलेली जाती गोळा केली. शेजारच्या म्हाताऱ्या काकी म्हणाल्या, “वरचा दगूड न्हेता, मग खालच्यानं काय करू? बसू त्याच्यावर?” साडूभाऊ म्हणाले, “बसा आणि खेळ बघा.” त्या खरोखरच तो ढकलत आणून त्यावर बसल्या. पुढे दगडांची खालची बाजू खरखरीत, म्हणून ती घासून गुळगुळीत केली आणि वर खोबरेल चोपडलं. “लोक पैसे देऊन जात्याला टाकी लावून ते खरखरीत करून घेतात,” थोरली मेहुणी आम्हाला सांगत होती, “आणि हे चांगली टाकी लावलेली घासून काढतायत.” रिंगणं आधी चुन्याने काढली, ती पावसाने नेली. मग दारांना लावून उरलेल्या ऑइलपेंटने काढली. त्या दिवशी मेहुणी त्यांच्याशी बोलली नाही.

श्रावणात आम्ही गेलो तेव्हा अंगणात जत्रा भरली होती. दुबईला जन्म घालवून परत आलेले शेजारचे एक भाई पंच होते, कारण गावात बर्फ प्रत्यक्ष पाहिलेला माणूस तेवढा एकच. “मॉलमधी बर्फावर चाललोय मी,” ते छातीवर हात ठेवून सांगत होते, “पन कसम से, ह्या शेवालाची सर त्याला न्हाय.” बायका खराटे घेऊन सज्ज होत्या. जन्मात केरसुणीला हात न लावलेले पुरुष दगडापुढे वाकून अंगण घासत होते. आणि जिचे गुडघे अलिबागला लिफ्ट बंद पडली की दुसरा मजला चढताना कुरकुरतात, ती माझी बायको साडी खोचून दगडापुढे धावत होती. “घासा, घासा, मावशी, डावीकडे!” कुणीतरी ओरडलं. दगड रिंगणात गेला, ती खराट्याला टेकली, खांदे हलले, हात हवेत गेला. “पुरे हो, पुरे.”

“या हो धनेशराव, तुमचा दगड वेगळा ठेवलाय,” साडूभाऊ मला म्हणाले. मी पाठीचं कारण सांगितलं आणि ओटीवर चहा घेत बसलो. पाठ ठणठणीत होती. तिला ज्या खेळाने हसवलं तो त्यांचा खेळ होता, आणि त्यात दुसरा भिडू व्हायला मी तयार नव्हतो. निघताना त्यांनी तो दगड माझ्या गाडीच्या डिकीत टाकला. “न्या अलिबागला. असू दे.” मला इतका राग आला की आभारसुद्धा मानले नाहीत. गणपती झाले, दसरा झाला, दगड डिकीतच होता आणि प्रत्येक गतिरोधकाला मला त्यांची आठवण करून देत होता.

आमच्या इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी वर्षानुवर्षं गळते. त्याविरुद्ध सोसायटीत मीच अर्ज करत आलोय. दसऱ्यानंतर अशाच एका दुपारी अर्जाला जोडायला फोटो काढावेत म्हणून वर गेलो आणि थबकलो. बाहेर ऊन मी म्हणत होतं, सगळं गाव वाळून गेलं होतं, आणि टाकीपासून कठड्यापर्यंत हिरवंगार, ओलं, लांबलचक शेवाळ पसरलं होतं. गच्चीवर चिटपाखरू नव्हतं. मी चोरासारखा खाली गेलो. दगड घेऊन लिफ्टमध्ये शिरलो तर तळमजल्याच्या वहिनी म्हणाल्या, “काका, दळण का?” मी हो म्हणालो.

पहिल्या वेळी दगड तिरपा गेला. दुसऱ्या वेळी मी गुडघ्यावर बसलो, खुंटा धरला आणि हलकेच सोडून दिला. तो सूं करत गेला. हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं! किती वेळा सोडला कोण जाणे. मान वर केली तेव्हा दारात बायको उभी होती, हातात वाळत घालायच्या कपड्यांची बादली. माझी पँट गुडघ्यापर्यंत हिरवी. तिने बादली खाली ठेवली. कोपऱ्यातला गच्चीचा खराटा उचलला. म्हणाली, “सोडा.” मी सोडला आणि ती पुढे धावली, आणि मध्येच तिचे खांदे हलायला लागले. पदर, भिंत, हवेत हलणारा हात, सगळं. माझ्या गच्चीवर, माझ्यासाठी. मला वाटलं, सगळ्या आयुष्याचं उट्टं निघालं.

डोळे पुसत ती म्हणाली, “थांबा हं, भाऊजींना दाखवू दे.” आणि फोन लावला.

साडूभाऊ फोनवर दिसले. बायकोने फोन गच्चीवरून फिरवला, मी नाइलाजाने एकदा दगड सोडून दाखवला. आता ‘वा वा’ येईल, सूचना येतील, हा खेळही पुन्हा त्यांचाच होईल, म्हणून मी कान बंद करायच्या बेतात होतो. पण ते फोन डोळ्यांजवळ धरून आमचं शेवाळ बघत होते. मग माझं लक्ष त्यांच्या मागे गेलं. अंगण गुलाबी दिसत होतं. “टाइल्स घातल्या,” ते म्हणाले. “खरखरीत. पुण्याची एक पाहुणी घसरली, मनगट मोडलं बिचारीचं. मुलगा म्हणाला, बाबा, आता पुरे. त्याचंही बरोबर आहे.” आजवर त्यांनी शंभर नाद लावून घेतले आणि शंभर सोडले, पण ते स्वतः, नवीन काही सापडलं म्हणून. हा त्यांनी सोडला नव्हता. आणि जो माणूस कावळ्याचं पिल्लू दिसलं तरी फोन करतो, त्याने हे आम्हाला कळवलं नव्हतं. मग अगदी बारीक आवाजात त्यांनी विचारलं, “साडूराव, तुमच्याकडे अजून ओलं आहे?” मी हो म्हणालो. “नशीबवान आहात हो,” ते म्हणाले.

ते माझ्यावर जळत होते. या क्षणाची मी किती वर्षं वाट पाहिली होती! आणि तो आला तेव्हा मला तो अजिबात आवडला नाही. ती कळ कशी असते ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? ती त्यांना शोभत नव्हती, ती माझ्याकडेच बरी होती. मी बायकोच्या हातून फोन घेतला आणि म्हणालो, “साडूभाऊ, बसलाय ना? मग उठा आणि फेरी पकडा. येताना भाईंनाही आणा, इथे पंच नाही.” पलीकडे एकदम गडबड उडाली. “अगं ए, माझा दगड कुठे ठेवलास?” असं ओरडत ते फोन तसाच टाकून गेले आणि आम्ही बराच वेळ त्यांचं छत बघत बसलो.

ते शनिवारी येणार आहेत. सोसायटीने नेमका याच आठवड्यात टाकीसाठी प्लंबर बोलावला होता, माझ्याच अर्जावरून. मी अध्यक्षांना भेटून सांगितलं की इतकी वर्षं गळतेय, आठ दिवसांनी काही बिघडत नाही. ते माझ्याकडे बघतच राहिले. शनिवारी काय होणार ते मला पक्कं ठाऊक आहे. साडूभाऊ येतील, गच्चीचा ताबा घेतील, ऑइलपेंटसुद्धा बरोबर आणतील, आणि ही त्यांच्याच दगडापुढे धावेल, त्यांच्याच बोलण्याला हसेल, आणि मी कठड्याशी उभा राहून जळेन. पण यंदा ऊन फार कडक आहे, टाकीच्या गळतीने भागत नाही, कडेचं शेवाळ पिवळं पडायला लागलंय. म्हणून मी रोज सकाळ-संध्याकाळ एक एक बादली वर नेतो आणि ते वाळू नये म्हणून हाताने पाणी शिंपडत बसतो.