आधी कोणतं कपाट

साऱ्या नागपुरात अर्धवट पत्त्याची माझ्या साडभाऊंइतकी चीड कुणालाच नसेल. सक्करदऱ्याच्या घरी माझ्या मेहुणीनं "तो डबा द्या जरा" म्हटलं, तर हे जागचे हलत नाहीत. "कोन्या खोलीतला, कोन्या फळीवरचा वं?" असं गंभीरपणे विचारतात. तोवर ती बिचारी स्वतःच डबा घेऊन येते.

उमरेडच्या विणकराचा हा मुलगा. हातमाग सुटला, कॉम्प्युटर आला, पण रीत मागावरचीच राहिली. धागा तुटला की त्यांचे वडील आधी हात मागे घेत आणि तो कुठून आला ते नुसतं पाहत. डेटाबेस अडला की हेही गुडघ्यांवर हात ठेवून गप्प बसतात. झोप लागली समजून मी एकदा त्यांना गदागदा हलवलं होतं. "झोपलो नाही गा, मागं मागं जाऊन राहिलो," ते शांतपणे म्हणाले.

उमरेडच्या विणकर संस्थेचा डेटा मी नव्या सर्व्हरवर हलवला, तेव्हा तर मी पार रडकुंडीला आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मोतीबिंदूच्या शिबिराची बस निघणार होती, नि यादीत नाव नसलेल्याला तीत जागा नव्हती. छापलेल्या यादीत वारलेले सभासद हजर होते आणि नवे, जिवंत सभासद गायब. डेटा उडाला म्हणून मी सगळं पुसून पुन्हा भरायला निघालो. शेजारी बसलेल्या साडभाऊंनी माझं मनगट धरलं.

"काही उडालं नाही. तो डेटाबेस कोठं पाहून राहिला, ते पाह्य आधी."

डेटाबेसमध्ये स्कीमा नावाची वेगवेगळी कपाटं असतात. कपाट न सांगता यादी मागितली, तर तो ठरलेल्या क्रमानं कपाटं उघडतो आणि त्या नावाची पहिली यादी मिळताच थांबतो. नव्या सर्व्हरवर हा क्रम लावायला मी विसरलो होतो, म्हणून जुन्या यादीचं कपाट आधी उघडत होतं. त्यांनी एका ओळीत क्रम बदलला. वारलेले गेले आणि उमरेडचे सारे जिवंत सभासद यादीत परत आले. माझ्या जिवात जीव आला.

"भाऊ, आता ती जुनी यादी पुसून टाकू?" मी विचारलं.

"काहून? मागं राहू दे. पुरा पत्ता सांगितला का माहे बाबा अजून सापडते त्याच्यात."

त्यांनी कपाटाचं नाव, यादीचं नाव आणि शेवटी माणसाचं नाव असा पूर्ण पत्ता टाइप केला. पडद्यावर एकच ओळ आली, त्यांच्या वडिलांची. गुडघ्यांवर हात ठेवून ते तिच्याकडे पाहत बसले. या वेळी मी त्यांना हलवलं नाही.