दुपट्ट्याच्या तीन गाठी

ते प्रकरण आजही डोक्यातून जात नाही. निवृत्तीनंतर बरीच नावे विसरलो, पण तो दुपट्टा विसरलो नाही.

वर्धा जिल्ह्याच्या पूर्व टोकाच्या एका ठाण्यात मी प्रभारी होतो. सकाळी हजेरी चालू असताना पोलीस पाटलाचा फोन आला, बंद पडलेल्या दगडखाणीत प्रेत आहे. मृत माणूस विहिरी खोदणारा. ज्याच्या शेतात त्याने विहिरीचे काम घेतले होते तो शेतकरी म्हणाला, वीस फुटांवर त्याने काम सोडले, पुढचे आम्ही भावांनी खोदले, गडी दारू पिऊन पडला असेल.

आठवडाभर बंदोबस्त करून मी थकलो होतो. अकस्मात मृत्यूची नोंद घेतली आणि व्हिसेराच्या अहवालाची वाट न पाहता 'नशेत पडला असावा' असे लिहून मोकळा झालो. मृताच्या गळ्यातल्या दुपट्ट्याच्या काठाला तीन गाठी होत्या. तंबाखू-बिंबाखू असेल म्हणून मीच दोन सोडल्या. नुसती माती निघाली, ती आवारात झटकली.

दुपारी त्याची बायको आली. रडली नाही.

"साहेब, तो दारू पेत नोता. कागदावर तसं नका लिहू, माह्या पोरींले जन्मभर आयकावं लागन."

मग तिची नजर दुपट्ट्यावर गेली. गाठी कोणी सोडल्या, असे तिने विचारले. "ते त्याची वही होती. नवा थर लागला का तो चिमूटभर बांधून घे, अन् मालकाले दाखवे, विहिरीचं बांधकाम कुठून करा लागते ते."

उरलेल्या गाठीत पांढरी रेती होती, ती मी शेतकऱ्याला दाखवली. त्याने हसून सांगितले की असली रेती खाणीतही आहे. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसत. मी नमुने नागपूरच्या एका भूगर्भतज्ज्ञांकडे नेले. ते म्हणाले, रेतीचे हलके कण सगळीकडे सारखेच. जड द्रवात रेती टाकली की ते तरंगतात, चिमूटभर जड कण तळाशी बसतात, आणि थराची ओळख त्या तळाच्या कणांत असते. खाणीतल्या रेतीच्या तळाशी गार्नेट खनिजाचे तांबडे कण भरपूर निघाले. गाठीतल्या रेतीत ते जवळजवळ नव्हतेच. मग शेतकऱ्याच्या विहिरीच्या भिंतीतून थरवार नमुने काढले. गाठीशी जुळला तो एकच थर, चाळीस फुटांवरचा.

चौकशीत मी आवाज चढवला नाही. एवढेच विचारले, त्याने काम वीस फुटांवर सोडले, तर चाळीस फुटांची रेती त्याच्याकडे कुठून आली? शेतकऱ्याने पाणी मागितले.

"रेती वर आणून दाखवली त्यानं. ढिली हाये, आंधी कडा बांधून घ्या म्हणे. मी म्हटलं, आजच्या दिवस उतर. कडा बसली, साहेब. दगड डोक्शातच पडला."

मग घाबरून त्याने भावाच्या मदतीने प्रेत ट्रॅक्टरमधून खाणीत नेऊन टाकले होते. गुन्हा दाखल झाला, व्हिसेरात दारू निघाली नाही, आणि माझे ते वाक्य खोटे ठरले. मला त्याचा आनंद झाला नाही, लाजच वाटली.

अडाणी माणूसही आपली साक्ष आपल्या पद्धतीने ठेवून जातो, हे मला नोकरीच्या शेवटी शेवटी कळले. आपण थकलेले असलो की तीच आधी झटकतो.

निकालानंतर मुद्देमाल परत घ्यायला बाई आली. तिने काठावरून, परत बांधलेल्या रेतीच्या गाठीवरून बोट फिरवले आणि बाकीच्या दोन गाठींतली माती मागितली. मी खरे ते सांगितले. समोरच्या बाकावर बसून तिने दुपट्ट्याच्या काठाला दोन रिकाम्या गाठी मारल्या आणि गेली.